यांनी खेकडा खाल्ला होता

“ताई, तुमच्या यजमानांना टीबी नाही,” धंतोलीतले डॉक्टर रिपोर्ट पुढे करत म्हणाले. मी दोनदा विचारलं, “मग मुलीला जवळ घेतलं तर चालेल?”

“आजच घेऊ द्या. हा आजार माणसाकडून माणसाला होत नाही.”

ऐंशी साल उलटून दोन-तीन वर्षं झाली होती. रस्त्यांच्या सर्व्हेसाठी हे मणिपुरात राहून परतले ते खोकला घेऊनच. थुंकी विटकरी रंगाची, एक्स-रेत डाग. टीबीचे जंतू एकदाही सापडले नाहीत, तरी वर्षभर उपचार टीबीचेच झाले. यांचं ताट वेगळं, पेला वेगळा. आमची तीन वर्षांची सुमी दारातूनच बाबांना चित्रं दाखवायची.

शेवटी धंतोलीच्या या डॉक्टरांकडे गेलो, तेव्हा पहिल्यांदाच कोणी विचारलं, “तिकडे कच्चे खेकडे खाल्ले होते का?”

शेजारी सासूबाई बसल्या होत्या. काटोलच्या माळकरी घरातल्या. हे म्हणाले, “नाही.”

घरी आल्यावर मला हळूच म्हणाले, “खाल्ले वं. तिकडे कच्चे वाटून चटणी करतात. आईले नको सांगू.”

मी डॉक्टरांना सांगितलं. कच्च्या खेकड्यातून लंग फ्लूक, म्हणजे फुफ्फुसात घर करणारा चपटा कृमी, शरीरात शिरतो. त्याच्याशी लढायला रक्तात जे पदार्थ तयार होतात, त्या अँटिबॉडी. त्या शोधण्यासाठी यांचा सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणारं पिवळसर पाणी, बर्फात ठेवून दूरच्या प्रयोगशाळेत गेला. तीन आठवडे मी पुस्तकाचं एकच पान उघडून बसत होते.

अँटिबॉडी सापडल्या. थुंकी पुन्हा तपासली, तर कृमीची अंडीही दिसली. तीन दिवसांच्या गोळ्या मुंबईहून मागवल्या.

टीबी नाही तर मग काय, हे सासूबाई विचारणारच होत्या. यांनी शेवटी त्यांना खेकड्याचं सांगून टाकलं.

“काहून लपवलं गा?”

“तुझी माळ...”

“माळ माह्या गळ्यात हाय, तुह्या नाही! एक खेकडा लपवला अन् पोरीले वर्षभर दूर ठेवलं.” एवढं बोलून त्यांनीच सुमीला उचलून यांच्या मांडीवर ठेवलं. सुमी आधी अवघडली. मग यांच्या दाढीचे खुंट बोटाने चाचपत बसली.

त्या गोळ्यांनी खोकला गेला तो गेलाच. सहा वर्षांनी, गेल्या माघात हे गेले, हृदयविकाराने. तुमच्या घरी असा न हटणारा खोकला असेल, तर रुग्णाला डॉक्टरांशी थोडा वेळ एकट्याने बोलू द्या. माणूस आजारापेक्षा घरच्यांना जास्त भितो.

तो सीरम कोणी तपासला, मला ठाऊक नाही. सुमीला बाबांची मांडी सहा वर्षं मिळाली, ती त्या अनोळखी तपासणाऱ्यामुळे.