ताटीवर पाणी कोण टाकत होतं?

हे सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं. जिला सांगायला हवं होतं ती आता नाही. इथे वाचणारे निदान मला ओळखत नाहीत, म्हणून लिहितो.

आधीच सांगतो – असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. अकोल्यात माझं पंप-कुलरच्या मोटारी रिवाइंड करायचं दुकान होतं. जळालेली मोटार उघडली की कारण सापडतंच, एवढंच मला ठाऊक.

कोरोनाची दुसरी लाट, मे महिना. माझी थोरली बहीण डोळ्याच्या ऑपरेशनसाठी हिवरखेडहून आमच्याकडे आली होती, ती लॉकडाऊनमुळे अडकली. वय ऐंशीच्या आसपास. आई लवकर गेली, तेव्हा तिनेच मला वाढवलं. लहानपणी मी तिला 'माय' म्हणायचो. पुढे शहरात आलो, चारचौघांत बरं दिसत नाही म्हणून 'ताई' म्हणायला लागलो.

तिला ताप आला, तपासणीत पॉझिटिव्ह निघाली. मुलाने बरेच फोन फिरवले. बेड कुठेच नव्हता. एकाने तर वय ऐकूनच फोन ठेवला. मग मुलगा मला म्हणाला, "बाबा, आत्याचं जगून झालं आता. लेकरायचं पाहा लागते ना." आणि तिला गच्चीवरच्या टिनाच्या खोलीत ठेवायचं ठरलं. मी स्वतः तेव्हा पासष्टी ओलांडलेला. विरोध केला तर उद्या आपल्यालाही म्हातारा म्हणून वर पाठवतील... मी मान हलवली.

मे महिन्यात अकोल्याची गच्ची म्हणजे तापलेला तवा. वरच्या कुलरची मोटार जळालेली होती. माझ्यासाठी ते किरकोळ काम, पण त्यासाठी तिच्या खोलीत जावं लागलं असतं. मी गेलो नाही. माळ्यावरची जुनी वाळ्याची ताटी काढून तिच्या दाराला बांधायला दिली. ताटीवर दुपारी पाणी कोण टाकणार, हे कुणीच विचारलं नाही. वाळा ओला असला तरच ताटीतून गार हवा येते, हे घरात सगळ्यांनाच कळत होतं. सून सकाळ-संध्याकाळ वरच्या पायरीवर जेवण ठेवायची, कठड्यावर पळी वाजवायची आणि खाली यायची. बाकी वेळ जिन्याच्या दाराला कुलूप. किल्ली माझ्या खिशात.

आणि ताई बरी झाली. आपल्या पायांनी जिना उतरून आली, ओट्याजवळ पाटावर बसली आणि सुनेला म्हणाली, "चाय टाक वो, पळी वाजोनारे." सगळे हसले. किती दिवसांनी घरात कुणी हसलं होतं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "हा होता म्हून वाचली मी. रोज दुपारी वर याचा, ताटीवर पानी टाकाचा. बाहेरूनच म्हने, माय, झोप आता."

मुलाची मान खाली गेली. मी कप उचलला, घोट घेतला.

दुपारी एकटाच वर गेलो. सकाळी ती खाली आल्यापासून जिन्याला कुलूपच होतं. ताटी निथळत होती. वाळ्याचा वास सुटलेला. हात लावला, तर पाणी माठातल्यासारखं गार... आमच्या टाकीचं पाणी त्या वेळी हाताला चटका देतं. कुलर उघडून पाहिला. मोटार जळालेलीच.

तिने ऐकलं तो तापातला भ्रम म्हणा. पण ताटी मी स्वतः चाचपली आहे. कारण मला आजही सापडलेलं नाही. आणि खरं सांगू, भीती नाही वाटली. सुटल्यासारखं वाटलं. मी नाही तर नाही, कुणीतरी वर जात होतं.

हिवरखेडला परतल्यावर तिने गावभर माझं कौतुक केलं. मीही ते ऐकून घेत राहिलो. गेल्या उन्हाळ्यात मी तिच्या कुलरची मोटार बसवून द्यायला गेलो होतो. काम झाल्यावर म्हटलं, "ताई, ती अकोल्याची गोष्ट..."

"ठाव हाये मले," ती म्हणाली. "किती चकरा मारल्या तुनं. पाय दुखले असतीन तुये. बस आता."

मी बसलो. कुलरची गार हवा तिच्या अंगावर येत होती, तिचा डोळा लागला. दिवाळीच्या आधी ती झोपेतच गेली, आपल्या घरी, आपल्या खाटेवर.

त्या दिवशीचं वाक्य अजून तोंडातच आहे. माय, तो मी नव्हतो. मी खालीच होतो, कुलरसमोर. माफ कर.