तिची शुद्ध पत्रं

फोन आले आणि प्रेमपत्रं गेली, असं माझ्या वयाची माणसं हळहळून म्हणतात. मी मान डोलावतो. आमच्या घरातली पत्रं मात्र फोन येण्याच्या कितीतरी आधी बंद झाली, आणि ती मी बंद पाडली. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

लग्नाला वर्ष झालं होतं. मी जळगावात कारकून, ती साक्रीकडच्या खेड्यातली, सातवी पास. बोलायची अहिराणी. तशी माझी आईही अहिराणीच बोलायची, पण नोकरी लागल्यापासून मी ती तोंडातून घालवली होती. एकदा साहेबांच्या घरची मंडळी आली तेव्हा हिनं सगळ्यांना चहाचं विचारलं, "बठ्ठासले च्या देऊ का?" पाहुण्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. त्या गेल्यावर मी तिला म्हणालो, नीट बोलता येत नसेल तर चारचौघांत गप्प बसत जा.

पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी गेली आणि तिकडून आंतर्देशीय पत्र आलं. अक्षर तिचंच. मजकूर असा: "संध्याकाळी ओट्यावर बसले की आपली आठवण होते आणि दिवा लावायचेही भान राहत नाही." वाचून ऊर भरून आला, आणि लगेच ते 'भान' खुपायला लागलं. हिनं हा शब्द आणला कुठून? तिच्या वडिलांनी पुढची खोली एका तरुण मास्तरला भाड्यानं दिली होती. तो वाचायला पेपर देतो, असं ती जाताना सहज बोलून गेली होती. मला तेवढं पुरलं.

पुढचं पत्र आणखी सुंदर होतं, म्हणून मला आणखी वाईट वाटलं. प्रत्येक ओळीत मी तिसरं माणूस शोधायचो. उत्तरात लिहायचो, प्रकृतीला जप.

शेवटी न कळवता धुळ्याला जाऊन साक्रीची एसटी धरली. भरदुपारी दारात उभा राहिलो तर ती ओट्यावर, भाच्याची पाटी मांडीवर घेऊन काही लिहीत होती. मला पाहताच तिनं पदरानं पाटी पुसली.

काय पुसलंस म्हणून विचारलं, तर काही नाही म्हणाली. मग तिच्या वडिलांसमोर मी बोलून गेलो, "पत्रं कोण सांगतं तुला? मास्तर का?"

सासरे उठले आणि गोठ्याकडे गेले. उत्तर तिच्या वहिनीनं दिलं. मास्तरची बदली होऊन तो केव्हाच गेला होता. ही त्याचे जुने पेपर जपून ठेवून त्यातले शब्द हुडकत बसायची. मनातलं आधी पाटीवर अहिराणीत उतरवायची, मग एकेक शब्द बदलून कागदावर घ्यायची आणि पाटी पुसून टाकायची.

"मी सांगं, बोलस तशीच लिख," वहिनी म्हणाली. "तर म्हने, त्यासले लाज वाटस." त्यांना, म्हणजे मला.

ती खाली मान घालून पाटीची चौकट पुसत राहिली. मी माफी मागायला हवी होती. पाणी प्यालो आणि संध्याकाळची गाडी चुकेल म्हणून निघालो.

त्यानंतर पत्र आलं नाही. मुलगी झाल्याची तार मेहुण्यानं केली. बाळाला घेऊन परतली ती शुद्ध मराठी बोलतच. आजही माहेरच्यांशी फोनवर अहिराणीत खळखळून हसते, मी खोलीत आलो की आवाज उतरतो आणि विचारते, "जेवायला वाढू का?" मला वाटतं, ती अजून मी तपासतोय असंच समजते. कधीकधी तपासतोही.

मागच्या वर्षी ती दोन महिने मुलीकडे होती. मी तिला पत्र लिहिलं, अहिराणीत. मला ती आता नीट येत नाही, चार कागद फाडले. पाटीवर काय असायचं, ते मला वाचायचं होतं, एवढंच लिहिलं. आठवड्यानं फोनवर विचारलं, पत्र पोचलं का?

"मिळालं," ती म्हणाली. "अक्षर चांगलं आहे तुमचं."