ट्रॉलीच्या पत्र्यावरचे दोन ठोके

इथले अनुभव मी बरेच दिवस वाचतोय. खरं सांगायचं तर निम्म्याहून जास्त वाचून हसलोय. पांढरी साडी, उलटे पाय, वडाचं झाड... आमच्या घरात असल्या गोष्टींना कधी थाराच नव्हता. आजोबा जन्मभर मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडले, मसणवटीशेजारी मेंढरं बसवून घोंगडी ओढून झोपले. कुणी भुताचं नाव काढलं की म्हणायचे, "लांडग्यापरीस भूत बरं. मेंढरू तरी न्हेत न्हाई." मीसुद्धा त्यांचाच नातू. तरी आज लिहायला बसलोय, कारण एका माणसाला मी एक उत्तर दिलं होतं आणि ते उत्तर आता माझ्या मानगुटीवर बसलंय. भुताखेतांवर विश्वास ठेवा म्हणून कुणाला सांगत नाही. मी स्वतःच अजून ठेवत नाही... बहुतेक.

मी निमगाव सावाचा. गोष्ट नव्वद सालानंतरची, गावात एक-दोन घरीच फोन होते तेव्हाची. मेंढरं विकून वडील शेतीला लागले होते, पण दोन भावांत पुरेल एवढं रान नव्हतं. मला लहानपणापासून नाद गाड्यांचा. त्यातही ट्रक नाही, ट्रेलर! पुढे इंजिन असलेला तोडका घोडा आणि मागे जोडलेली लांबलचक ट्रॉली. नाशिक रोडवरून तसली गाडी गेली की मी हातातलं खुरपं टाकून बघत उभा राहायचो. आई म्हणायची, "मेंढरं सोडली अन् ह्येनं लोखंडाचा कळप धरला."

ट्रेलर चालवायला शिकवणारी शाळा आमच्या भागात कुठे होती म्हणा! मोटर ड्रायव्हिंग स्कूलवाले जीपवर शिकवायचे आणि हात जोडायचे. शिकायचं तर एकच वाट – एखाद्या ड्रायव्हरच्या हाताखाली किन्नर, म्हणजे क्लीनर, म्हणून चढायचं. काच पुसायची, टायर ठोकून हवा बघायची, स्टोव्हवर भात लावायचा, शिव्या खायच्या. आणि वस्तादाची मर्जी असेल तेव्हा स्टेअरिंगला हात लावायचा.

मला मिळाले ते किसनवस्ताद, मंचरचे. अंगाने आडवे, आवाज खर्जातला, सोमवारचा उपास कडक आणि बाकी सहा दिवस तोंड त्याहून कडक. चप्पल घालून कॅबिनमध्ये चढलो तर लाथ मिळायची. पण हातात कला होती. माणूस सायकल वळवतो तसा ट्रेलर वळवायचे.

सरळ चालवणं कुणालाही जमतं. ट्रेलर शिकला की नाही ते कळतं मागे घेताना. ट्रॉली डावीकडे न्यायची तर स्टेअरिंग उजवीकडे फिरवायचं. भले भले तिथे गडबडतात. मला ते लवकर जमलं, कारण मेंढरांचंही तसंच असतं. कळप डावीकडे वळवायचा तर आपण उजव्या अंगाला जाऊन उभं राहायचं. वस्ताद हे ऐकून हसले होते. ते हसले म्हणजे शिव्या देत नव्हते, एवढंच.

बाजार नसेल त्या दिवशी दुपारी मंचरला कांद्याच्या वखारींमागच्या मोकळ्या पटांगणात ते मला घेऊन जायचे. दोन्ही बाजूंच्या आरशांवर बारदान बांधायचे. मला काहीच दिसायचं नाही. मग स्वतः मागे जाऊन ट्रॉलीच्या पत्र्यावर हात मारायचे. एक ठोका म्हणजे थांब. दोन ठोके म्हणजे येऊ दे. सगळी ट्रेलर-लाइन हीच भाषा बोलते, पण आरसे बांधून शिकवणारा मी तरी दुसरा पाहिला नाही. एकदा मी मान बाहेर काढून बघितलं तर पळत पुढे आले आणि कानाखाली वाजवली.

"मागं कोण हाय?"

"तुमी, वस्ताद."

"मंग बघतो कशाला? मागच्या माणसावर इस्वास न्हाई तर गाडी कशाला चालवतो? जा, घरी जाऊन मेंढरं राख!"

तेव्हापासून ठोक्यावर शंका घेणं माझ्या अंगातूनच गेलं. दोन ठोके आले की पाय आपोआप क्लचवर जायचा.

दुसरा नियम दगडाचा. चढावर गाडी थांबली की हँडब्रेकच्या भरवशावर राहायचं नाही, ट्रॉलीच्या चाकामागे दगड लावायचा. आणि तो काढायचा कधी? तर ड्रायव्हरने पाय ब्रेकवर दाबून "काढा" अशी हाक दिल्यावरच. त्याशिवाय चाकाखाली हात घालायचा नाही. मोठ्या लायसन्सची परीक्षा मी आरटीओत दिली, पण वस्तादांच्या लेखी परीक्षा हीच होती.

तर गौरी-गणपती उठून आठवडा झाला असेल. आमच्या शेठनी नवा ट्रेलर घ्यायचं ठरवलं होतं. वस्तादांनी "पोरगं तयार हाय" म्हटलं की ती गाडी माझी. त्याच आठवड्यात शिनोलीच्या पुढे, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला पाण्याच्या एका योजनेचे लोखंडी पाईप पोचवायचे होते. वस्ताद किल्ली माझ्याकडे फेकत म्हणाले, "आज तू ने. मी बसतो. नीट न्हेलीस तर शेठला सांगतो." आमच्या बरोबर तिसरं कुणी नव्हतं.

घोडेगाव सोडलं तेव्हा ऊन होतं. शिनोली मागे पडली आणि धुकं आलं. त्या बाजूला राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको... भाद्रपदात तिथे सकाळी नऊ-दहाला धुकं असं उतरतं की वायपर काय पुसतोय तेच कळत नाही. धरणाच्या पाण्याच्या कडेने रस्ता वर चढत होता. साइटवर जाणारा कच्चा फाटा आम्हाला त्या धुक्यात दिसलाच नाही. थोडं पुढे आल्यावर वस्तादांच्या लक्षात आलं.

"चुकलं राव. मागं घ्यावी लागंल. घाबरू नको, हाय मी."

मी चढावर गाडी उभी केली. ते उतरले, मागच्या चाकाला दगड लावला आणि खिडकीपाशी आले. "फाटा किती लांब राहिला ते बघून येतो. मंग ठोका देईन. तवर ब्रेक सोडू नको." एवढं बोलून ते ट्रॉलीच्या कडेने धुक्यात दिसेनासे झाले.

इंजिन सुरू होतं. मी ब्रेकवर पाय दाबून बसलो होतो, कोपर खिडकीबाहेर. आरशात ट्रॉलीचा थोडासा पत्रा दिसायचा आणि पुढे नुसतं पांढरं. बराच वेळ काहीच नाही. मग मागून ठोके आले. दोन. धप्, धप्.

मी दगड काढायची हाक अजून दिली नव्हती. हे मी शपथेवर सांगतो. म्हटलं, वस्तादांनी आपणहूनच काढला असेल, त्यांना कोण विचारणार? रिव्हर्स टाकला, ब्रेक सोडून क्लच हलका केला. गाडी किंचित मागे सरली.

धप्, धप्.

आता आवाज थोडा पुढून आला. मागच्या टोकाकडून नाही, ट्रॉलीच्या मध्यावरून. वस्ताद मागे घेताना कधी जागा सोडत नसत. मनात आलं, वस्ताद पुढे का येतायत?

धप्, धप्. आता कॅबिनच्या अगदी पाठीशी. माझी पाठ त्या ठोक्याने हादरली. आणि पुढचे दोन ठोके माझ्या दारावर पडले. माझ्या कोपराखाली! पत्रा थरथरला तो हाताला कळला. मी मान खाली घालून बघितलं.

दाराशी कुणीही नव्हतं.

पायरी ओली होती, खाली डांबर ओलं होतं, आणि माझ्या दाराच्या पत्र्यावर माझ्या डोळ्यांदेखत आणखी दोन ठोके पडले. हात नाही, माणूस नाही. पायाने आपलं काम केलं, ब्रेक कचकन दाबला. त्याच क्षणी मागून किंकाळी आली.

"पुढं घे! पुढं घे रं बाळ्या! हात गावला!"

वस्तादांचा आवाज होता. एकदम मागून, ट्रॉलीच्या चाकापासून.

ट्रेलर चालवणाऱ्याला विचारा, भरल्या गाडीला चढावर जागेवरून पुढे काढायचं म्हणजे काय ते. ब्रेक सोडला की क्लच लागेपर्यंत गाडी वीतभर तरी मागे सरकतेच. मुरलेल्या ड्रायव्हरचीही सरकते. आणि तिथे वीतभर म्हणजे वस्तादांचा हात खांद्यापासून गेला असता, कदाचित तेसुद्धा गेले असते. मी गाडी पहिल्यात टाकली. आणि दारावर ठोके चालूच. दोन, पुन्हा दोन. येऊ दे. येऊ दे. शिकवलेलं अंग त्या ठोक्याला ओढ खात होतं, हे तुम्हाला कसं सांगू? पाय गाडी मागे घ्यायलाच बघत होता. मी तोंडाने "न्हाई, न्हाई, न्हाई" ओरडत टाचेने अॅक्सिलरेटर दाबला, क्लच लागेपर्यंत चवडा ब्रेकवरून उचलला नाही. घोडा गुरगुरला, सगळी गाडी थरारली... आणि पुढे सरकली. मागे बोटभरसुद्धा नाही.

तशी गाडी मी आयुष्यात पुन्हा कधी काढली नाही.

उतरून धावलो तर वस्ताद रस्त्यावर बसले होते, डावा हात उपरण्यात गुंडाळून. उपरणं लाल होत होतं. भीमाशंकरहून येणाऱ्या एका जीपवाल्याने आम्हाला खाली आणलं. त्याला विचारलं, वाटेत कुणी माणूस दिसला का, गुराखी वगैरे? तो म्हणाला, "एवढ्या धुक्यात कोन गुरं सोडंल, भाऊ?"

दोन बोटं गेली. मंचरच्या दवाखान्यात वस्तादांना शुद्ध आल्यावर मी त्यांच्या पायाशी बसून सगळं सांगितलं. ठोके, दार, सगळं. ते छताकडे बघत होते. मग हळू म्हणाले, "म्या ठोका दिलाच न्हाई, बाळ्या. म्या चाकापाशी गेलो ते तू हाक दिली म्हणून."

"कसली हाक?"

"'वस्ताद, दगड काढा. ब्रेक धरलाय.' दोनदा म्हणालास. तुझाच आवाज. दगड रुतला व्हता म्हणून हात घातला."

मी हाक दिली नव्हती. त्यांनी ठोका दिला नव्हता. मग मला त्यांच्या भाषेत बोलावणारं आणि त्यांना माझ्या आवाजात बोलावणारं कोण होतं?

पाईप सुटून आपटत असतील, असंही मनाला समजावून पाहिलं. दुसऱ्या दिवशी जाऊन बघितलं तर पाईप साखळदंडाने आवळलेले होते, तसूभर हलत नव्हते. आणि पाईप काही माझ्या आवाजात बोलत नाहीत.

महिना-दोन महिन्यांत हात भरून आला, पण वस्ताद गाडीवर चढेनात. कॅबिनची पायरी चढायचे, स्टेअरिंगला हात लावायचे आणि घाम फुटून खाली उतरायचे. घरात कुणी मागून हाक मारली तरी दचकायचे. वहिनी – त्यांची बायको – माझ्यासमोर रडली. "ज्याला बगून ड्रायवर शिकायचे, त्यो मानूस आता ओट्यावर बसून ऱ्हातो. तुमीच कायतरी करा भावजी."

एका संध्याकाळी वस्तादांनी मला जवळ बोलावलं. "खरं सांग, बाळ्या. रागवणार न्हाई. तूच हाक दिली व्हती ना?"

त्या डोळ्यांत काय होतं ते मला दिसत होतं. मी हो म्हणावं म्हणून तो माणूस हात पसरून बसला होता. पोराची चूक असेल तर गाडी पुन्हा चालवता येते. पण तसं नसेल तर...

मी म्हणालो, "व्हय वस्ताद. मीच हाक दिली. अन् ब्रेकवरचा पाय सरकला. ठोके-बिके काय नव्हते, भ्यालो म्हणून बोललो."

ते ओक्साबोक्शी रडले. मग माझ्या पाठीवर उरलेल्या बोटांनी थोपटत म्हणाले, "असू दे रं. माणसाकडनं व्हतं." दुसऱ्याच आठवड्यात गाडीवर चढले. शेठनी नवा ट्रेलर अर्थातच दुसऱ्याला दिला. "कच्च्या पोराला गाडी दिली की असंच व्हतं," असं सगळ्या लाइनवर झालं. त्याचं मला वाईट वाटलं, नाही असं नाही. आता मंचरला गॅरेज टाकलंय, बरं चाललंय.

पण परवा वस्ताद गॅरेजवर आले होते. केस पिकलेत, आवाज तसाच. चहा पिता पिता म्हणाले, आता भीमाशंकर रस्त्याचं सिमेंटचं काम धरलंय, आठवड्यातून दोन खेपा पडतात. त्याच चढावर गाडी थांबवावी लागते म्हणे. दगडाच्या कामात नव्या किन्नरावर भरवसा नाही, म्हणून त्याला स्टेअरिंगवर बसवतात आणि दगड काढायला स्वतः उतरतात.

"भ्या वाटत न्हाई का?" मी विचारलं.

ते हसले. "कशाचं भ्या? तितं काय हाय? तूच तर सांगितलंस."

चहाचा ग्लास ठेवून ते गेले. खरं काय ते न सांगताच मी त्यांचा ग्लास विसळून ठेवला. उद्या त्यांची खेप आहे. धुक्यात चाकापाशी वाकून ते हाकेची वाट बघतील, आणि हाक आली की हात घालतील.