उन्हात वाळवलेले प्याले

सकाळपासून धुकं असं दाटलं होतं, की अंगणातल्या तुतीचं नुसतं खोड दिसत होतं, शेंडा गायब. लाकडी प्याल्यांवर झाडाच्या चिकाचा चकचकीत लेप चढवायला याहून चांगला दिवस नाही. एरवी अशा हवेत रुआनमावशी खुशीत असायची. आज मात्र फडक्यातला कच्चा चीक ती अशी पिळत होती, जशी कुणाची मानच हातात आलीय.

कारणही तसंच. सासऱ्याच्या दफनाला ती चार दिवस गावी गेली. नेमकं त्याच दिवसांत ऊन पडलं, आणि उत्तरेच्या कोरड्या मुलखातून आलेल्या नव्या कारभाऱ्यानं, गोंगनं, तिचे चौतीस प्याले दमट कोठीतून काढून अंगणात मांडले. ओलं ते उन्हात वाळतं, एवढंच त्याचं शहाणपण. पण झाडाचा चीक म्हणजे काही धुतलेलं धोतर नव्हे. तो ओलाव्यातच घट्ट होतो, हे इथल्या शू मुलखातलं शेंबडं पोरही सांगेल. प्याले सुरकुतले, चिकटच राहिले, वर धूळ बसली ती वेगळीच.

तेही तिनं गिळलं असतं. पण म्हाताऱ्या ल्यूनं, नावं कोरणाऱ्यानं, येऊन हळूच सांगितलं की आजच प्याल्यांच्या तळांवर नावं घालायचा गोंगचा हुकूम आहे. राजकारखान्याची रीतच ती : लाकूड कुणी कोरलं, चीक कुणी चढवला, रंगवलं कुणी आणि शेवटी कारभारी कोण. माल बिघडला की नाव वाचायचं आणि त्याच्या पाठीवर छडी. यंदा कारभाऱ्याची जागा मोकळी ठेवायची होती. म्हणे, कामाला सुरुवात झाली तेव्हा गोंग इथं नव्हता.

मावशीनं हात पुसले आणि तडक त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. गोंग म्हणाला, चीकच हलका असणार. चांगला चीक कुठंही वाळतो.

"मग कोठीत चला. त्याच मडक्यातल्या चिकाचे सहा प्याले मागच्या फळीवर राहिलेत. तुमच्या नखानंच ओरखडा काढून दाखवा."

त्यानं नख ओढलं. ते काचेवरून घसरावं तसं घसरलं.

"बाई, तोंड आवर," तो पुटपुटला.

"आवरते की. पण सव्वीस वर्षं या चिकानं हात सोललेत माझे. वाळवलं तुम्ही आणि पाठ माझी? माझं नाव कोरायचं तर शेजारी तुमचंही कोरा. नाहीतर कुणाचंच नको."

गोंगनं ल्यूकडे बोट केलं : कोर. ल्यूनं सुई खाली ठेवली. "धुक्यात अक्षर दिसत नाही, मालक."

"काल तर दिसत होतं."

"काल ऊन होतं."

कोठीतलं कुणीच हसलं नाही, आणि तेच गोंगला जास्त झोंबलं. शेवटी, सगळे खरवडून पुन्हा करा, एवढं फेकून तो निघून गेला. चुकलो म्हणून एक शब्द नाही. तिचं नाव छडीपासून वाचलं खरं. पण महिन्याभराची मेहनत मातीत गेली होती, आणि ती पुन्हा उपसायची तीही तिनंच.

मग तिला चार दिवसांच्या उन्हानं कोठीच्या भिंती सुकत चालल्याचं दिसलं. तिनं घागर उचलली आणि जमिनीवर पाणी शिंपडायला लागली.