पुढची सायकल थोरलीची

भोर आणि वेल्ह्यातल्या कितीतरी व्यासपीठांवर मी एक गोष्ट सांगत आलो. आता ती लोकच मला सांगतात. दोघी बहिणींची मी चाचणी घेतली, थोरलीला दम नव्हता, धाकटीत मला विजेती दिसली. धाकटी विजेती झाली हे खरं आहे. थोरलीला दम नव्हता हे खोटं आहे, आणि ते खोटं माझं आहे.

मी वेल्ह्याच्या शाळेत खेळाचा शिक्षक होतो. या दोघी पासलीहून सायकलींवर यायच्या. त्यांच्या आईचा दंडक होता, थोरलीनं पुढं राहायचं. रस्ता रानातला. साप, जनावर, खड्डा, जे काही असेल ते आधी थोरलीनं बघायचं आणि धाकटीनं तिच्या चाकामागं चाक ठेवून यायचं. तिकडं सगळ्याच घरांत ही रीत होती. भाताच्या बांधावरूनही भावंडं तशीच चालायची. खोऱ्यातला वारा सकाळी समोरून यायचा. थोरली शाळेत पोचायची तेव्हा तिच्या वेणीचा पार झाडू झालेला असायचा. धाकटीचा भांगही मोडलेला नसायचा. हे मी रोज फाटकात उभा राहून बघत होतो, आणि मला त्यातून काहीच कळलं नाही.

जिल्ह्याच्या क्रीडा वसतिगृहात सायकलसाठी एका मुलीची जागा निघाली. मी दोघींची शर्यत लावली, पासलीचा फाटा ते शाळेचं फाटक. माझं सगळं शिक्षण धावण्याचं. जो आधी पोचला तो सरस, एवढं एकच माप मला ठाऊक. शर्यत असली तरी आईचा दंडक मोडावा असं दोघींपैकी कुणाच्या मनातही आलं नाही. थोरली पूर्ण रस्ताभर पुढं राहिली. फाटक दिसल्यावर धाकटी तिच्या पाठीमागून बाहेर आली आणि सुर्रकन पुढं निघून गेली.

"शेवटी गळतेस तू," मी थोरलीला म्हणालो. "दम नाही तुझ्यात."

ती ओढणीनं तोंड पुसत म्हणाली, "व्हय सर."

पुढं तिचं लग्न झालं, ती पालीला गेली. धाकटी वसतिगृहात गेली आणि तिथून ट्रॅकवर. ट्रॅकच्या सायकलला ब्रेक नसतो. चाक फिरतंय तोवर पायही फिरत राहतात, त्यांना विसावा नाही. वळणाचा रस्ता भिंतीसारखा उभा असतो. त्या भिंतीवर ती वर्षानुवर्षं राष्ट्रीय विजेती राहिली. परदेशातून पदकं आणली. एकदा पडून खांद्याजवळचं हाड मोडलं, आत धातूची पट्टी घालावी लागली. पुढच्या मोसमात त्याच पट्टीसकट ती पुन्हा जिंकली. कापूरहोळच्या चौकात तिचा फलक लागला, आणि त्यात खालच्या कोपऱ्यात माझाही फोटो. तालुका मला पारखी म्हणू लागला.

मला सत्य कळलं ते तिच्याच एका अंतिम शर्यतीत. मी पहिल्यांदाच ट्रॅक बघत होतो. दोघी स्पर्धक निघाल्या आणि थोड्या वेळानं चक्क थांबल्यासारख्या झाल्या. सायकली जागच्या जागी डुलत होत्या.

"काय झालं? चेन पडली का?" मी शेजारच्या प्रशिक्षकांना विचारलं.

ते हसले. "चेन कसली! पुढं कुणाला जायचंय? पुढच्याला सगळा वारा अंगावर घ्यावा लागतो. मागचा फुकटात येतो आणि शेवटी उडी मारतो. तुमच्या मुलीसारखं दुसऱ्याच्या चाकामागं कुणी राहूच शकत नाही. कुठं शिकली हो ही?"

देशातल्या सर्वांत वेगवान दोन मुली पुढं जायला घाबरत होत्या. आणि मला दिसत होती पासलीच्या रस्त्यावरची थोरली, रोज पुढं असणारी. शर्यतीतही ती वारा कापत आली होती, आणि तरीही धाकटीनं तिला जेमतेम सायकलभर अंतरानं मागं टाकलं होतं.

धाकटी पदक घेऊन आली आणि म्हणाली, "सर, आज ताईची लई आठवन आली." मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. संध्याकाळी पत्रकारानं विचारलं, तेव्हा मी नेहमीचीच गोष्ट सांगितली. तिथवरची माझी चूक अज्ञानाची होती. त्या संध्याकाळपासून ती तशी राहिली नाही.

यंदा धाकटीनं खेळ थांबवला आणि भोरमध्ये मुलींना सायकल शर्यतीचं शिकवायचं ठरवलं. या शिकवणीच्या उद्घाटनाला मला बोलायचं होतं. या वेळी खरं सांगायचंच, असं मी ठरवलं. पण आधी जिचं नुकसान केलं तिच्यासमोर जायला हवं होतं. कापूरहोळला एसटी बदलली, पुढं दुधाच्या टेम्पोत बसलो आणि पालीला पोचलो. थोरली राजगडावर येणाऱ्यांना जेवण करून घालते. ती पिठलं हाटत होती. तिची सासू ओट्यावर लसूण सोलत बसली होती, आणि नात सायकलच्या चाकात हवा भरत होती.

"गुरुजी, हिला जरा समजवा," सासूबाई म्हणाल्या. "मावशीकडं जायचं म्हनती. आईला दम न्हवता, लेकीला कुठनं येनार?"

"असं कोण म्हणालं?"

"कोन म्हनालं! तुमीच की! भोरला सत्काराच्या येळी, माईकवर."

मी थोरलीला चुलीपाशीच सगळं सांगितलं. वारा, ट्रॅक, प्रशिक्षकांचं बोलणं. ती पिठलं हाटतच राहिली.

"मला म्हाईत हाय," ती म्हणाली. "धाकटीनं कवाच सांगितलंय."

"मग तू बोलली का नाहीस?"

"सरांना खोटं कोन पाडनार? आन पाडलं आसतं तर ऐकलं आसतं कुनी?" तिनं पातेलं उतरवलं आणि ओट्यावरच्या सासूकडं मान केली. "पन सर, हितं चुलीपाशी सांगून काय उपेग? माईकवर बोललाव, माईकवरच फेडा. आत्याबाईंना घिऊन येते. त्यांना कमी ऐकू येतं, तवा जरा मोठ्यानं."

उद्घाटनाच्या दिवशी माईकवर मी मोठ्यानं सांगितलं. काहीही न गाळता सांगितलं, सगळं कळल्यावरही पत्रकाराला जाणूनबुजून जुनीच गोष्ट सांगितली तेही. धाकटी व्यासपीठावरून उतरली आणि बहिणीशेजारी जाऊन बसली. मला वाटलं, आता लोक तोंड फिरवतील. झालं उलटंच. टाळ्या थांबेनात. अध्यक्ष म्हणाले, असा विनम्र गुरू होणे नाही. दुसऱ्या दिवशी बातमी आली ती माझ्या मनाच्या मोठेपणाची, आणि थोरलीचा उल्लेख त्यात एका ओळीचा.

एकट्या सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. मांडवाच्या दाराशी त्यांनी मला अडवलं.

"ह्यो मोटेपना कसला, गुरुजी? हिला दम व्हता, आन तुमी न्हाई म्हनालात. आसंच ना?"

"हो. असंच."

"माझ्या तोंडानं बी ती तेच ऐकत आली," त्या म्हणाल्या. मग नातीकडं वळल्या. "बघतीस काय? जा, मावशीला म्हनावं, उद्यापासनं येते. आन आईनं चालवली तशी चालव."

म्हणून हे लिहितो आहे. माईकवरचं बोलणं लोकांनी विनय म्हणून घेतलं, कागदावरचं तसं घेऊ देणार नाही. शिकवणीच्या दारावर 'पहिले मार्गदर्शक' म्हणून माझं नाव रंगवलं होतं. ते मी स्वतः उभा राहून पुसून घेतलं. त्या जागी 'पहिली मार्गदर्शक' आणि थोरलीचं नाव आलं आहे. रंगाऱ्यानं विचारलं, "सर, तुमचं खाली बारीक घालू का?"

मी म्हटलं, "नको. ती पुढं होती."