ताईच्या ऑर्किडचा शेंडा

ताईचं फूल मी मारलं.

वर्ष होऊन गेलं. अजून कोणाला सांगितलं नाही. बायकोलासुद्धा नाही.

कांताताई माझी मोठी बहीण. चिखलीला शाळेत शिकवायची. मी धामणगाव बढ्याजवळ शेती करतो. पऱ्हाटी म्हणजे कपाशी, आणि सोयाबीन, दुसरं मला काही येत नाही.

तिच्या सोबतच्या एका बाईंनी पुण्याहून तिला ऑर्किड आणून दिलं होतं. आणलं तेव्हा फुलं होती, महिन्याभरात गळून गेली.

मग तीन वर्षं नुसती पानं.

आपल्याकडचा मे महिना तुम्हाला माहीत आहे. पण ताई ती कुंडी बाथरूमच्या खिडकीत ठेवायची, बाजूला ओलं पोतं. भाऊजी चिडवायचे, "आमच्यासाठी कूलर नाही, आन् झाडाले एसी!"

मागच्या हिवाळ्यात तिला संभाजीनगरला ॲडमिट केलं. ब्लड कॅन्सर.

जाताना कुंडी माझ्या हातात दिली. "मिल्या, तुले झाडाचं कळते. सांभाळजो."

कळते म्हणे!

रोज एक फोटो पाठवायचा, अशी ऑर्डर होती. एक दिवस फोटो पाहून तिचाच फोन आला.

"खालच्या पानाच्या बुडाशी हिरवं काय निघून राह्यलं रे?"

"मुळी असन."

"असन काय बे, नीट पाय. मुळीचं टोक गोल राह्यते, गुळगुळीत. फुलाची दांडी असली तर टोक चपटं राह्यते, बाजूले खाच. लेकराच्या बंद मुठीसारखं. आन् ते वर पाह्यते. मुळी कुठंबी जाते."

अर्धा इंच होतं ते. मला काहीच समजेना.

"आठ दिवस थांब. तवरी फोटो नको टाकू," ताई म्हणाली. मग आवाज खाली करून बोलली, "डॉक्टर इचारून राह्यले, केमोचा अजून एक राउंड घ्यायचा का घरी जायचं. तुह्या भाऊजीले राउंड पाह्यजे. मी म्हटलं आठ दिवसांनी सांगते. दांडी असली तर मी घरी येते मिल्या. खिडकीत बसून पाहीन. नसली तर मंग घेते इंजेक्शन."

एवढी शिकलेली बाई. एका कोंबावर ठरवायला निघाली होती.

मी हसलो. "येडी झाली का तू?"

"हाव, झाली," म्हणाली.

आठ दिवसांनी दांडीच होती. दोन इंच, वर तोंड करून. टोकाला तशीच मूठ.

मला इतका आनंद झाला की काय सांगू. ताबडतोब फोन करायला पाहिजे होता. केला नाही.

मनात आलं, तीन वर्षांनी येऊन राह्यलं, तर दोन-चार फुलांवर काय भागते? ताईसाठी भरून यायला पाहिजे.

पऱ्हाटीचा आपण शेंडा खुडतो. शेंडा खुडला की झाड उंच जात नाही, फांद्या धरते, बोंडं वाढतात. जन्मभर हेच केलं.

अंगठ्याच्या नखानं टक् करून खुडलं. प्रेमानं. देवाशपथ म्हणायची आमच्या घरात पद्धत नाही, पण खरं सांगतो, प्रेमानं.

दुपारी मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. त्यातली बाई सांगत होती की कळ्या त्या टोकातूनच येतात. टोक गेलं की दांडी तिथंच थांबते. नशीब असलं तर खालून फांदी फुटते, पण त्याला महिने लागतात.

ताईकडे महिने नव्हते.

संध्याकाळी तिचा फोन.

"काय निघालं?"

मी म्हणू शकत होतो, दांडी होती, मी गाढवपणा केला, तरी तू घरी ये. एवढंच म्हणायचं होतं. ती शिव्या देऊन हसली असती आणि आली असती.

माझी हिंमत झाली नाही. लाज वाटली.

"मुळी व्हय, ताई."

"फोटो टाक बरं."

"नेट नाही चालून राह्यलं."



"बरं. मंग राह्यते इथंच. पाणी जास्त नको देऊ."

दुसऱ्या दिवशी राउंड सुरू झाला. नवव्या दिवशी ताई आयसीयूमध्ये गेली. तिथं कोणाला बसूही देत नव्हते. अकराव्या दिवशी गेली.

ना घर, ना खिडकी. तोंडात नळी होती.

भाऊजी, आता तुमच्याशी बोलतो.

वर्षभर तुम्ही भेटेल त्याला सांगता, "तिनं सोताच ठरवलं. लढाचं म्हणे. म्या जबरदस्ती नाही केली." या एका गोष्टीवर तुम्ही जेवता, झोपता, हे मला माहीत आहे. दरवेळी मी बाजूला बसून मान हलवली.

तिला लढायचं नव्हतं, भाऊजी. तिला घरी यायचं होतं. मी येऊ दिलं नाही.

आज चिखलीला घरी ताईच्या वर्षाचं पुण्यानुमोदन आहे. तुम्ही काल फोनवर म्हणालात, "मिलिंद, तू तिचा लाडका, दोन शब्द तूच बोल."

बुद्धवंदना झाल्यावर सगळ्यांसमोर मला हे बोलता येणार नाही, म्हणून इथं फेसबुकवर लिहिलं, तुम्हालाही पाठवतोय. नऊच्या एसटीनं निघतोय. दार उघडायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. नाही उघडलं तर मी बाहेर वट्ट्यावर बसतो.

ताई, ती दांडी होती.

तुला वाकून अभिवादन. माफ कर म्हणायला तोंड नाही.