चिंधीकाकांची गाठ

आमच्या धक्क्यावरच्या चार होड्यांच्या इंजिनांवरची झाकणं उचला, एकीत तरी लाल चिंधी बांधलेली सापडेल. ती माझ्या धाकट्या काकांनी बांधलेली. सगळे त्यांना चिंधीकाका म्हणतात आणि तेही खुशाल ओ देतात.

काका इंजिनं दुरुस्त करतात. थंडाव्याच्या पाण्याचा पाइप गळायला लागला की आधी इंजिन निवू देतात, मालक कितीही नाचो. मग पाइप कोरडा पुसायचा, सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून त्यावर वेढ्यावर वेढे द्यायचे, दोन्ही टोकांना तार पिळायची. पाण्याच्या टाकीचं झाकण जरा सैल ठेवायचं, म्हणजे आत दाब चढत नाही. सोबत गोड्या पाण्याचा कॅन द्यायचा. आणि सगळ्यात शेवटी चिंधी, कोंबड्याच्या तुऱ्यासारखी बटबटीत.

"हे काम दिसायला वाईटच पाहिजे," काका म्हणतात. "नवा पाइप घातला की ही गाठ मीच सोडणार."

तोवर ते मालकाचा पिच्छा पुरवतात. न्हाव्याच्या खुर्चीत तोंडाला साबण फासून बसलेल्या माणसालासुद्धा त्यांनी पाइपाबद्दल विचारलेलं आहे.

पूर्वी ते असे नव्हते. पूर्वी त्यांच्या कामाला दृष्ट लागावी इतकी सफाई होती. माझ्या बाबांच्या होडीचा पाइप फुटला, तेव्हा काकांनी असाच वेढा दिला आणि वरून काळा रंग मारला. जोड कुठे आहे ते सांगता येत नव्हतं. "दादा, हे चार दिवसांचं काम आहे हं," एवढं म्हणाले. बाबा हसले आणि विसरले. नव्यासारख्या दिसणाऱ्या पाइपाची आठवण कोण ठेवणार? पुढे नदीच्या मुखाशी वेढा सुटला, पाणी वाहून गेलं, इंजिन तापून जाम झालं आणि ओहोटीने होडी खडकांवर नेली. बाबा परत आले नाहीत.

माझ्या मते चूक दोघांची होती. आईसमोर हे बोलायची माझी कधी छाती झाली नाही. तिने काकांशी बोलणं टाकलं. ती धक्क्यावर आली की हा एवढा थोराड माणूस शेडच्या मागे जाऊन उभा राहायचा. मी दुसरी होडी चालवायला घेतली तेव्हा तिची एकच अट होती: इंजिनाला त्यांचा हात लागता कामा नये. मी ती पाळली. एका परक्या मेकॅनिकची मिजास सोसली, पण पाळली.

मग आईच्या डोळ्यांचं दुखणं उपटलं. एक डोळा आधीच गेला होता. दुसऱ्याचं ऑपरेशन पलीकडच्या काठावरच्या इस्पितळात ठरलं आणि आणखी लांबवलं तर हाही हातचा जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं. त्या सकाळी आईला होडीत बसवून मी इंजिन चालू केलं, तर खालून थंडाव्याचं हिरवं पाणी वाहायला लागलं. पाइपाला चीर गेली होती. माझा मेकॅनिक परगावी, बाकीच्या होड्या मासेमारीला गेलेल्या. धक्क्यावर एकच माणूस होता आणि तो शेडच्या मागे.

"आई, काकांना बोलावते."

आईने पदर सावरला आणि तोंड नदीकडे वळवलं. मी त्याचा अर्थ हो असा घेतला आणि हाक मारली.

काका आले, पण मान वर केली नाही. इंजिन निवेपर्यंत दोघं समोरासमोर बसून होते आणि मधे मी. मला अगदी जीव नकोसा झाला. मग ट्यूब झाली, तार झाली आणि काकांनी खिशातून चिंधी काढली. तिथे मात्र त्यांना गाठ जमेना. पहिला वेढा पडला की सैल व्हायचा, पुन्हा घातला की पुन्हा सैल. या कामात केस पिकलेला माणूस तो.

आई वाकली. चाचपडत हात पुढे केला आणि पार्सल बांधताना धरतात तसं त्या वेढ्यावर बोट दाबून धरलं.

"मारा आता."

काकांनी गाठ मारली. आईने तोंड अगदी चिंधीपाशी नेलं आणि डोळा बारीक करून पाहिलं.

"मला दिसतेय," ती म्हणाली. "म्हणजे कुणालाही दिसेल."

"हळू ने," काका मला म्हणाले. "तापमानाच्या काट्यावर नजर ठेव. तापलं तर लगेच झाकण उघडू नकोस, निवू दे." सांगता सांगता ते रडत होते आणि रडू मलाही आवरत नव्हतं.

होडी धक्क्यापासून सुटली, तशी आई काठाकडे वळून ओरडली, "भावजी, नवा पाइप कधी घालणार?"

बाबांनी हे एकदा तरी विचारायला हवं होतं.

"तुम्ही परत आलात की लगेच, वहिनी!"

परतताना आईच्या डोळ्यावर पट्टी होती. धक्का जवळ आला तसं तिने विचारलं, "आहेत का?"

"पायरीवरच बसलेत. पाइप मांडीवर घेऊन."

मी तिला उतरवायला हात दिला, तर तिने तो बाजूला सारला.

"घरी नंतर जाऊ. आधी मला इंजिनापाशी ने. गाठ मी सोडणार."